फिशटँकचं झाकण

श्रीधररावांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा त्यातली स्वेच्छा कंपनीची होती आणि निवृत्ती त्यांची. मुंढव्याकडच्या एका फाउंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर तो आधी लाकडात हुबेहूब घडवावा लागतो. त्या लाकडी नमुन्यावरून वाळूचा साचा घेतात आणि मग त्यात लोखंडाचा रस ओततात. जन्मभर त्यांनी हेच लाकूडकाम केलं. पुढे कंपनीत कॉम्प्युटर आले, पडद्यावर चित्र काढलं की मशीन आपोआप ठोकळा कोरू लागलं आणि पॅटर्न शॉपला कुलूप लागलं. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात त्यांच्या हातांची फार तारीफ केली. हात एवढे चांगले असतील तर घरी का पाठवता, असं विचारणं समारंभाला शोभलं नसतं. श्रीधररावांनी शाल आणि नारळ घेतला आणि ते कात्रजला आपल्या फ्लॅटवर परत आले.

तेव्हापासून माणूस घरात नुसता भिरभिरत होता. घरातली सगळी दारं रंधून झाली, देव्हाऱ्याला नवे खांब लागले, मागितले नसताना शेजाऱ्यांच्या पाटांना पाय बसले. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तशातली गत. सत्यशीलाबाई तोंडावर काही म्हणत नसत. पण सकाळची बसची वेळ झाली की आपला नवरा गॅलरीत उभा राहून कामावर जाणाऱ्या लोकांकडे बघत राहतो, हे त्यांना दिसायचं आणि ते त्यांना बघवायचं नाही.

अशात अभिनवनं ते काम आणलं. अभिनव त्यांचा एकुलता एक मुलगा, हिंजवडीला आयटीत. त्याच्या कंपनीची नवी इमारत उभी राहिली होती आणि तिच्या रिसेप्शनमध्ये ग्रॅनाइटच्या दोन खांबांच्या मधोमध एक लांबलचक फिशटँक बसवला होता. परदेशचे पाहुणे येणार, त्यांनी आल्या आल्या मासे बघावेत, अशी कुणा वरिष्ठाची इच्छा. टँकवर दिव्याचं झाकण हवं होतं. दुकानातलं प्लास्टिकचं झाकण व्यवस्था बघणाऱ्या सुनीती मॅडमना भिकार वाटलं. त्यांना लाकडाचं हवं होतं, खांबांच्या मध्ये चपखल बसणारं. अभिनव म्हणाला, माझ्या ओळखीचे एक कारागीर आहेत. हे पसंत पडलं की बाकीच्या मजल्यांवरच्या टँकची झाकणंही त्यांनाच मिळणार होती. श्रीधररावांनी लगेच ओळखीच्या एका सुताराच्या शेडमध्ये आपल्यापुरती जागा मागून ठेवली. पुन्हा रोज सकाळी उठून कामाला जायचं, याहून त्यांना दुसरं काही नको होतं.

अट एकच होती.

"बाबा, आमच्याकडे रिलेटिव्हला काम दिलं की प्रॉब्लेम होतो," अभिनव म्हणाला. "तिथे आपण ओळख दाखवायची नाही. तुम्ही मला सर म्हणा."

पोळी लाटता लाटता सत्यशीलाबाईंचा हात थांबला. श्रीधरराव मात्र हसले. म्हणाले, आयुष्यभर कालच्या पोरांना साहेब म्हणत आलो, हा तर घरचाच साहेब आहे.

काम सुरू झालं आणि माणूसच बदलला. माळ्यावर जपून ठेवलेल्या सागवानी फळ्या खाली आल्या. गॅलरीतून भुसा उडू लागला, तेव्हा आमच्या पोह्यांवर खोबरं पुरतं, वरून सागवान नको, असं खालच्या मजल्यावरून कळवण्यात आलं. श्रीधररावांनी त्याचंही काही वाटून घेतलं नाही. कोपऱ्यांना खिळा असा मारलाच नाही, लाकडात लाकूड गुंतवून सांधे केले. ट्यूबच्या वर गरम हवा जायला फटी ठेवल्या. चोक पाण्याच्या वाफेपासून लांब, बाहेरच्या खणात बसवला. माशांना दाणे टाकायला बिजागरीची झडप केली आणि आतून पांढरा ऑइलपेंट दिला, म्हणजे सगळा उजेड खाली पाण्यात पडेल. सवयीनं आतल्या कोपऱ्यांना चामड्याची गोलाईसुद्धा लावली. साच्याची वाळू तुटू नये म्हणून पॅटर्नला ती लावतात. माशांना तिचा काय उपयोग, देव जाणे.

घात झाला तो मापात. घरात टेप होता, पण टेपनं शिंप्यांनी कापड मोजावं, असं श्रीधररावांचं ठाम मत. त्यांनी हत्यारांच्या पेटीतून आपली पोलादी पट्टी काढली. आता गोष्ट अशी, की लोखंडाचा रस थंड होताना आकसतो. म्हणून लाकडी नमुना मुळातच थोडा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी आकडेमोड नको म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचे सेंटिमीटरच अंमळ मोठे आखलेले असतात. साधी पट्टी शेजारी धरल्याशिवाय तो फरक डोळ्यांना कळत नाही. श्रीधररावांचं उभं आयुष्य त्या पट्टीवर गेलं होतं. दुसऱ्या कुठल्या पट्टीनं त्यांनी कधी काही मोजलंच नव्हतं, त्यामुळे ही पट्टी इथे चालणार नाही हे त्यांच्या मनातही आलं नाही. अभिनवनं आणून दिलेलं माप त्यांनी फळीवर घेतलं, पुन्हा घेतलं, काम झाल्यावर तपासलं. दर वेळी त्याच पट्टीनं तपासलं, म्हणून दर वेळी बरोबर आलं. सागवान काही थंड होऊन आकसणार नव्हतं.

झाकण टेम्पोत घालून ते हिंजवडीला पोचले तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता. गेटवर सिक्युरिटीनं पिशवी उघडायला लावली आणि करवत, रंधा, पटाशी बघून पिशवीच ठेवून घेतली. हत्यारं आत नेता येत नाहीत, असा नियम होता. श्रीधररावांनी वाद घातला नाही. नुसतं ठेवायचं तर होतं, हत्यारं लागणार कशाला?

रिसेप्शनमध्ये सुनीती मॅडम आणि अभिनव वाट बघत होते. झाकण बघून मॅडमचा चेहरा खुलला. त्यांनी लाकडावरून हात फिरवला आणि इतकं सुंदर काम मी पुण्यात बघितलं नाही, असं अभिनवला म्हणाल्या. श्रीधररावांनी मान खाली घातली, कारण आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. दोघा शिपायांनी झाकण उचललं. एक बाजू खांबाला लागून बरोबर खाली गेली. दुसरी बाजू ग्रॅनाइटवर अडकली.

थोडं तिरकं झालं असेल, म्हणून पुन्हा उचललं, फिरवून बघितलं. दोन बोटांच्या आतबाहेर मोठं होतं. खांब चुकलेत, असं श्रीधररावांना आधी वाटलं. त्यांनी टेप मागवला. खांबांमधलं अंतर दिलेल्या मापाइतकंच निघालं. मग त्यांनी झाकणाला टेप लावला आणि आकडा वाचला. फरक कुठून आला हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. तो आकडा त्यांना तोंडपाठ होता. ओतीव लोखंडाला तेवढंच वाढवून धरतात.

मॅडमनी अभिनवकडे वळून विचारलं, माप कोणी दिलं होतं? अभिनवचा चेहरा उतरला.

"माप सरांनी बरोबर दिलं होतं मॅडम," श्रीधरराव म्हणाले. "माझी पट्टी चुकली."

"पट्टी कशी चुकेल?"

ते सांगू लागले, की लोखंड आकसतं, म्हणून पट्टी. पण मॅडमचं लक्ष घड्याळाकडे होतं. पाहुण्यांची गाडी विमानतळावरून निघाली होती. थोडा वेळ द्या, माझी हत्यारं गेटवर आहेत, एवढी एक बाजू कापून सांधा पुन्हा करतो, अशी त्यांनी विनवणी केली. या गालिच्यावर करवत चालवणार का, असं मॅडमनी शांतपणे विचारलं आणि शिपायाला दुकानातून प्लास्टिकचं झाकण आणायला पिटाळलं.

मग त्या अभिनवला म्हणाल्या, "कुठून शोधलंस रे यांना?"

अभिनवनं श्रीधररावांकडे बघितलं नाही. "आमच्या एरियात राहतात," तो म्हणाला. "रिटायर्ड आहेत. आता काम वगैरे करत नाहीत."

यात खोटं काहीच नव्हतं. तेच श्रीधररावांना सोसवेना. अपमान त्यांनी पुष्कळ गिळले होते, पण ते परक्यांचे होते. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ. माफ करा सर, म्हणून त्यांनी मुलापुढे हात जोडले, आणि अभिनवही इट्स ओके म्हणाला.

झाकण परत न्यावं म्हटलं, तर माल बाहेर काढायला गेटपास लागतो आणि त्यावर माल मागवणाऱ्याची सही लागते. अभिनवला सही मागायला त्यांचं मन धजलं नाही. शिपायांनी झाकण जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत उभं करून ठेवलं. श्रीधररावांनी गेटवरून पिशवी घेतली आणि ते बसस्टॉपकडे चालू लागले.

घरी सत्यशीलाबाई दारातच होत्या. पिशवीशिवाय त्यांच्या हातात काही नाही, हे बघून त्यांचा चेहरा उजळला.

"बसलं का हो?"

"बसलं," श्रीधरराव म्हणाले.

एकदा बसलं म्हटल्यावर पुढचं सगळं ओघानं आलं. लोकांना आवडलं का? आवडलं. पुढची झाकणं कधीपासून? उद्यापासूनच. सत्यशीलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी अभिनव आला तेव्हा त्यांनी त्यालाही तीच बातमी दिली आणि वर म्हणाल्या, तुझ्यामुळे यांना पुन्हा चांगले दिवस दिसले रे बाबा. अभिनवनं वडिलांकडे बघितलं. श्रीधरराव ताटातला भात कालवत राहिले. तो हो म्हणाला आणि न जेवताच आपल्या खोलीत गेला.

सकाळी सत्यशीलाबाईंनी दोन डबे भरले. श्रीधरराव कपडे करून चपला घालत होते. अभिनवनं टेबलावरचा एक डबा उचलून त्यांच्या हातात दिला. आई शेजारीच उभी होती.

"शेडपर्यंत सोडू का बाबा?" त्यानं विचारलं.

"नको. मी बसनं जातो. तुला उशीर होईल."

खाली स्टॉपवर आल्यावर त्यांनी वर बघितलं. सत्यशीलाबाई गॅलरीत येऊन उभ्या होत्या, शेजारणीला त्यांच्याकडे बोट करून काहीतरी सांगत होत्या. बस आली. बाकीच्यांबरोबर तेही चढले. कंडक्टरनं कुठं जायचं म्हणून विचारलं. पुढच्या माणसानं मंडई म्हटलं होतं, म्हणून त्यांनीही मंडई म्हटलं.