चनबसप्पानं मान हलवली

डॉक्टर चाफळकरांच्या खोलीत शिरताना चनबसप्पाला मिळवायचं होतं ते एवढंच : बहिणीच्या सासरच्यांनी म्हणावं, डॉक्टरशी बोलावं तर चनबसप्पानंच. तिसऱ्या खेपेला का होईना, मॅट्रिक झालेला त्या गोतावळ्यात तो एकटाच. डॉक्टरांचाही यात फायदा होता. इंग्रजीत बोललं की कुणी उलट विचारत नाही, आणि बाहेर बाकावर पेशंट खोळंबलेले.

"पेरिफेरल न्यूरोपॅथी," डॉक्टर चनबसप्पाला म्हणाले. दुखणाईत बसलिंगप्पा, बहिणीचा नवरा, पाय पुढं करून समोरच बसला होता, पण पायाच्या मालकाकडं बघायची त्यांना गरज वाटली नाही. "डायबेटिसमुळं. सेन्सेशन प्रॅक्टिकली निल. फूट ट्रॉमा अगदी टाळायचा. फॉलो करताय ना?"

"येस, येस." चनबसप्पानं मान हलवली.

त्याला कळलं ते 'डायबेटिस' आणि 'टाळायचा'. साध्या मराठीत सगळं एका दमात झालं असतं : पाय बधिर झालेत, खुपलेलं कळणार नाही, अनवाणी चालू नका.

बाहेर बहीण रत्नम्मा ताटकळत होती. "अण्णा, काय म्हणाले?"

"साखरेचा विकार हाय. गोड टाळायचं."

बसलिंगप्पाला घोर निराळाच. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या मिरवणुकीत नंदीध्वजाची उंच काठी पेलायची, तीही अनवाणी. बापाच्या मागं तो मान त्याच्याकडं आला होता. "आत जाऊन इचार की, यंदा काठी धरू का नको?"

"त्याला डॉक्टर कशाला, दाजी? काठीचा भार कमरंच्या पट्ट्यावर, पायावर न्हाई. धरा बिनघोर."

परत आत जाणं म्हणजे मघाशी कळलं नव्हतं हे कबूल करणं.

संक्रांतीला बसलिंगप्पानं बाराबंदी घातली आणि काठी अशी पेलली की लोक बघत राहिले. घरी आल्यावर रत्नम्मानं पायावर पाणी घातलं, तर टाचेत घोड्याच्या नालेचा खिळा! बुडापर्यंत रुतलेला.

"दुखलं न्हाई?"

"अजाबात न्हाई."

"सिद्धेश्वरानं दुखणं गिळलं!" शेजारच्या नागम्मानं हात जोडले. गल्लीतल्या बायका त्या टाचेवर डोकं टेकवून गेल्या. देवानं बरी केलेली टाच डॉक्टरला कोण दाखवणार? पाऊल काळं पडून वास सुटला, तेव्हा कुठं टांगा बोलावला.

"अनवाणी? मी क्लीअरली सांगितलं होतं!" डॉक्टर कडाडले. मग मात्र त्यांना स्वच्छ मराठी आली : "गुडघ्याखाली पाय कापावा लागेल."

रत्नम्मा भावाकडं वळली. "अण्णा, सांगितलं होतं?"

चनबसप्पानं डॉक्टरांकडं बघितलं, मग भिंतीकडं. "व्हय गं. मी बी बोललो होतो. पण दाजी ऐकत्यात कुटं?"

तापात पडलेला बसलिंगप्पा आठवून आठवून दमला. शेवटी म्हणाला, "बोलला असशील बाबा. माझंच ध्यान काठीत."

डॉक्टरांचा शब्द खरा ठरला. चनबसप्पाला भावकीतले लोक अजून दवाखान्यात सोबत नेतात. पाय बसलिंगप्पाचा गेला, काठी चुलतभावाकडं गेली, आणि कुबडी हातात देताना बायको रोज ऐकवते, "अण्णाचं ऐकायचं होतं."