बाळंतिणीचे लाडू

"बहर असताना झाडाकडं कुणीबी बघतंय, यमनाप्पा. बहर सरल्यावर जो बघतो, तो खरा!"

वडगावातल्या घराच्या परसात उकिडवे बसून महादेवराव शेजाऱ्याला आपली शेवंती दाखवत होते. नोकरीतून निवृत्त झालेला हा माणूस एरवी चार लोकांत तोंड उघडत नसे. झाडांचा विषय निघाला की मात्र त्यांना थांबवावं लागे. वाळलेली फुलं खुडून त्यांनी दांडे वीतभर ठेवून छाटले होते आणि बुडाशी शेणखत, शेंगदाण्याची पेंड घालत होते.

"आता हिच्या अंगात काय उरलं न्हाय. सगळं फुलांत गेलं. आता खायला घातलं तर बुडातनं नवे फुटवे येतात. न्हायतर झाड गेलंच म्हणून समज."

"ते खरं, पण नातू कुठाय? आमी बाळ बघायला आलोय, वाळकी काटकं न्हाय!" यमनाप्पा हसला.

महादेवरावही हसले. त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "प्रिया, चहा टाक गं! आणि डिंकाचे लाडू आण!"

सून प्रियदर्शनी नुकतीच बाळंत झाली होती. माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. नवरा सूरज बारसं आटोपून पुण्याला नोकरीवर परतला होता. भिंतीला धरून ती आली, बशी ठेवली आणि भिंतीला धरूनच परत गेली. लाडू झकास झालेत म्हणत यमनाप्पाने दुसरा उचलला.

तो गेला आणि उचगावहून महादेवरावांची थोरली बहीण मनुबाई आली.

"ये आक्का! पाळणा आत हाय."

"पाळणा ऱ्हाऊ दे रं. बाळंतीण कुठाय?"

"असंल की आत."

"असंल म्हंजे?"

तेवढ्यात मोरीकडून कपबशा फुटल्याचा आवाज आला. दोघं धावत गेले. प्रियदर्शनी ओल्या फरशीवर आडवी पडली होती. ओठ पांढरेफटक, डोळे अर्धवट मिटलेले. महादेवराव तसेच रिक्षा आणायला पळाले!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तातडीने रक्त चढवायला घेतलं आणि मग बाहेर येऊन विचारलं, "हिच्या अंगात रक्तच उरलेलं नाही. इतक्या दिवसांत घरात हिच्याकडे कुणी पाहिलंच नाही का? आणखी उशीर झाला असता तर बाळ आईवेगळं झालं असतं!"

आईवेगळं! महादेवराव बाकावर बसले. शेजारी त्यांची बायको मालुबाई नातवाला कुशीत घेऊन रडत होती.

मनुबाईने तिला विचारलं, "मालू, हिनं लाडू किती खाल्ले गं?"

"डबा भरून केलते आक्का. पण रोज कोण ना कोण बाळ बघाय येतंय. पुढ्यात काय ठेवलं न्हाय तर लोक काय म्हणतील?"

"लोकांचं ऱ्हाऊ दे. हिनं किती खाल्ले?"

मालुबाईने पदराने डोळे पुसले. "एकबी न्हाय."

एकही नाही! बाळंतिणीसाठी केलेले लाडू साऱ्या गल्लीने खाल्ले होते, आणि तेही तिच्याच हातून वाढून घेऊन!

"आक्का, माझ्या ध्यानातच आलं न्हाय," महादेवराव पुटपुटले. "ती कधी काय बोललीच न्हाय."

"शेवंती बोलली व्हती व्हय रं तुला, पेंड घाल म्हणून?"

महादेवरावांनी आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांना अजून शेणखताचा वास होता.

"सातव्या महिन्यात ओटी भरली, तवा पाटावर बसवून घास भरवलात हिला," मनुबाई म्हणाली. "पोर हातात आलं, आन् ती लागली मोरीवर! बाळंत झाली म्हंजे मोकळी झाली, असं वाटलं व्हय तुमास्नी? अरं, अंगातलं सगळं देऊन बसलीया ती! आताच तर तिला जपायचं."

देवाच्या कृपेने प्रियदर्शनी वाचली. ती घरी आल्यावर मालुबाईने नव्याने लाडू वळले आणि डबा तिच्या बाजेपाशीच ठेवला. महादेवरावांनी सूरजला फोन केला, "रजा काढ आणि ये. पोर तुझंबी हाय."

रविवारी खानापूरचे पाहुणे टोपडं घेऊन दारात उभे राहिले. आवाज ऐकून प्रियदर्शनी ताटावरून उठू लागली.

"मामा, चहा टाकू का?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"बस खाली. जेव निवांत," महादेवराव म्हणाले आणि दाराशी गेले. कुणाला कधी स्पष्ट न बोललेला तो माणूस. त्यांचे कान लाल झाले, जीभ अडखळली. तरी ते बोलले.

"पाहुणं, ओसरीवर बसा. माझी सून जेवतीया. तिचं झालं की बाळ बघा. चहा मी करतो."

पाहुणे चकित होऊन एकमेकांकडे बघू लागले. मग त्यांच्यातली एक म्हातारी पदर सावरत खाली बसली आणि म्हणाली, "बसतो की बाबा. माझ्या येळंला असं कुणी म्हणालं न्हवतं."

वाचकहो, बाळ बघायला आपण सारेच जातो. यापुढे जाल तेव्हा पाळण्याआधी बाजेकडे वळा. "तू जेवलीस का?" एवढं विचारा. आणि उत्तर ऐकल्याशिवाय पाळण्याकडे जाऊ नका!