त्रेचाळीस ओरखडे आणि एक टवका

दचकू नका, आत कोणी नाही. बोलतोय तो मीच, म्हणजे हे चिलखत. शिरस्त्राणापासून बुटांपर्यंत एकवीस तुकडे, रंग करडा आणि अंगावर त्रेचाळीस ओरखडे. नवा माणूस आला की आधी दोन पावलं मागे सरतो, मग हळूच वाकून माझ्या काचेत डोकावतो आणि स्वतःशीच हसतो. मला आता त्याची सवय झाली आहे.

मी कुठल्याही लढाईत गेलेलो नाही, हे आधीच कबूल करतो. लोखंडाचा एक कणही माझ्यात नाही. व्यायामशाळेत जमिनीवर अंथरतात तसल्या जाड फोमच्या लाद्या कापून, तापवून, वाकवून माझं अंग झालं. त्यावर फायबरचा कडक थर आहे. हातमोजे बागकामाचे आहेत. कमरेच्या पट्ट्यावर जी गंभीर यंत्रं दिसतात, त्यांतलं एक साबणाच्या डबीचं झाकण आहे. कोणतं ते मी सांगणार नाही.

मला घडवलं ठकूनं. हे तिचं घरातलं नाव. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते, त्यामुळे मोजमापाच्या बाबतीत कोणाचं ऐकत नाही. लहानपणापासून तिची एक आवडती मालिका आहे. दूरच्या एका ग्रहावर खाण असते, आणि त्या खाणीतल्या लोकांना सांभाळणारा एक करडा पहारेकरी असतो. तो शिरस्त्राण कधी काढत नाही आणि बोलतो अगदी मोजकं. त्याच्यासारखं हुबेहूब चिलखत बनवणाऱ्या वेड्यांचं एक मंडळ आहे. वर्षातून एकदा तपासणी होते. पडद्यावरच्या चिलखताशी तंतोतंत जुळलं तरच प्रवेश, नाहीतर पुढच्या वर्षी या.

ठकूनं मालिका थांबवून थांबवून पाहिली आणि पहारेकऱ्याच्या अंगावरचा एकेक ओरखडा वहीत उतरवला. कुठल्या भागात लागला, कशानं लागला, किती लांब. अशी त्रेचाळीस टिपणं झाली. मग ती पाच महिने रोज संध्याकाळी माझ्यापाशी बसायची. आईनं आत घालायचा काळा पोशाख शिवला. शिवताना तिला एकच शंका होती.

"हा माणूस एवढं सगळं घालून लघवीला कसा जातो गं?"

"आई, ते दाखवत नाहीत."

"तेच म्हणते मी. महत्त्वाचं काही दाखवतच नाहीत."

पण ठकूच्या मनात माझ्याहून मोठी एक गोष्ट होती. ती तिनं आईला सांगितली तेव्हा मी अर्धवट अवस्थेत टेबलावर पडलो होतो, म्हणून मला कळली. तिला बाबांना खुर्चीतून उठवायचं होतं.

बाबा गाड्या रंगवायचे. अडतीस वर्षं एकाच गॅरेजमध्ये. तिथं सगळे त्यांना पेंटरकाका म्हणायचे. ठोकलेली गाडी यायची, गिऱ्हाईक रडकुंडीला आलेलं असायचं, आणि चार दिवसांनी तोच माणूस गाडीभोवती फिरून विचारायचा की लागलं होतं ते नक्की कुठे? बाबांना याहून मोठी शाबासकी नको असायची. मग त्यांचे हात थरथरायला लागले. मालकानं फार मानानं निरोप दिला, हार घातला, आणि बाबा खिडकीतल्या खुर्चीत येऊन बसले ते बसलेच. दिवसभर रस्त्यावरच्या गाड्या बघायचे. "त्या पांढरीचा डावा दरवाजा पुन्हा रंगवलाय," एवढंच बोलायचे. कधी कधी तेवढंच दिवसभराचं बोलणं असायचं.

ठकू मुद्दाम त्यांना विचारायची. खाचखळगे भरायची लांबी किती वेळ वाळू द्यायची, प्रायमर कुठला घेऊ. आधी ते खुर्चीतूनच उत्तर द्यायचे. मग एकदा उठून बघायला आले. मग एकदा तिच्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतला आणि म्हणाले, "अशानं फोड येतील, सरक." त्या दिवशी आईनं आणि ठकूनं एकमेकींकडे असं पाहिलं की मलाच भरून आलं.

शेवटी ठकूनं ब्रशनं माझ्यावर त्रेचाळीस ओरखडे रंगवले. तपासणीला बारा दिवस उरले होते. तिला दुकानाच्या कामासाठी दोन दिवस परगावी जायचं होतं. निघताना ती म्हणाली, "बाबा, वरून फक्त लॅकरचा एक हात मारून ठेवाल?"

"त्यात काय," बाबा म्हणाले.

आणि इथंच घोटाळा झाला. बाबांनी मला फडक्यानं पुसायला घेतलं, आणि त्यांचं बोट गालावरच्या लांब ओरखड्यावर अडलं. अडतीस वर्षं ओरखडा दिसला की हात आपोआप कुठे जायचा ते तुम्हीच समजा. त्यांनी म्हणे एकच घासून बघायचा ठरवला होता. एक गेला तसा शेजारचा डोळ्यांत खुपायला लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्यावर एक डाग शिल्लक नव्हता. कोपर टेबलाला टेकवून, थरथर आवरत, त्यांनी मला नवा करडा रंग दिला, लॅकर दिलं, पॉलिश केलं. ते गुणगुणत होते. माझ्या छातीत छतावरचा पंखा फिरताना दिसू लागला.

खरं सांगू? मी खूश होतो. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. फोमवर मांस कसं चढेल, ते विचारू नका.

ठकू आली, पिशवी हातातच राहिली.

"बघ," बाबा म्हणाले, "एक डाग ठेवला नाही."

"बाबा, ते डाग नव्हते! पाच महिने काय करत होते मी?" तिनं शिरस्त्राण उचललं, फिरवून फिरवून पाहिलं. "तुम्हाला फक्त पुसून टाकता येतं. मी हात लावायला द्यायलाच नको होता."

आणि तिनं मला टेबलावर आपटलं. शिरस्त्राणाच्या खालच्या कडेचा, आतल्या बाजूचा एक टवका उडाला.

 बाबांनी फडक्याची चौघडी करून ती डब्यावर ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसले. या वेळी खुर्ची भिंतीकडे वळवून. मला फार वाईट वाटलं, कारण चकाकताना मीही मजा घेतली होती.

ठकूनं माझ्यावर जुनी चादर टाकली. पुन्हा सगळं रंगवायला वेळ नव्हता आणि तिला इच्छाही उरली नव्हती. "नाही झालं तर नाही," ती आईला म्हणाली. "पण बाबा आता गाड्यांबद्दलसुद्धा बोलत नाहीत. मी काय करून बसले!"

त्यानंतरचं मी नुसतं ऐकलं, चादरीखालून. ठकू कामाला गेली की दुपारी मालिकेचं संगीत सुरू व्हायचं. मला वाटलं, आई बघत असेल. पण आई तर मधूनच विचारायची, "हा कोण? मघाशी मेला होता ना?" आणि बाबांचा आवाज यायचा, "तो भाऊ याचा. गप बस जरा." मध्येच चित्र थांबायचं. वहीचं पान उलटल्याचा आवाज यायचा. असं पाच दुपारी चाललं.

मग एका संध्याकाळी चादर निघाली. समोर बाबा होते, हातात ठकूची वही. ठकू नुकतीच कामावरून येऊन दारात चप्पल काढत होती.

"ठकू, या गालावरच्या ओरखड्यापुढे प्रश्नचिन्ह का टाकलंयस?"

ती तशीच उभी राहिली. दोघं आठवडाभर धड बोलले नव्हते. "तो पहिल्या भागापासूनच आहे," ती सावकाश म्हणाली. "कसा लागला ते कुठेच दाखवलेलं नाही. मंडळात सगळे म्हणतात, शत्रूनं केलेला वार आहे."

"वार कसला? तुमच्या मंडळात कोणी गाडी चालवत नाही का?" बाबांनी माझ्या गालावर बोट टेकवलं. "ओरखडा सुरू होतो तिथं खोल असतो, सुटताना बारीक होतो. समोरून वार झाला असता तर नाकाकडे खोल असता. हा कानाकडे खोल आहे, नाकाकडे बारीक. अरुंद फाटकातून गाडी मागे काढताना असा लागतो. मी असे हजार भरलेत. हा रिव्हर्समध्ये लागलेला ओरखडा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे हा कुठंतरी अडकला होता, आणि कोणीतरी मागून धरून याला बाहेर ओढलंय."

ठकू टेबलाशी येऊन बसली. आधी हसली, मग डोळे पुसायला लागली. "बाबा, मी त्या दिवशी फार बोलले."

"बोललीस," बाबा म्हणाले. "आणि मीही न विचारता हात चालवला. तुझे ओरखडे मात्र काढलेले दिसत होते, लागलेले नाहीत. चारशे नंबरचा पेपर आण."

तपासणीला चार दिवस होते. त्यांनी मला पुन्हा घासलं. आधी सगळ्या अंगाला चंदेरी रंग, तो वाळल्यावर वरून करडा. खरवडलं की खालची चांदी दिसावी, खऱ्या पत्र्यासारखी. रंग फवारायची गन ठकूच्या हातात होती आणि बाबा मागे उभे होते. "हात थांबवू नको. थांबलीस की ओघळ आलाच म्हणून समज." ओघळ एकदा आला. बाबांनी नुसतं "हं" केलं. त्या हुंकाराला गॅरेजमध्ये भलेभले घाबरायचे म्हणे.

ओरखड्यांसाठी बाबांनी कपाटाची जुनी किल्ली घेतली. आता यातली गंमत बघा. जाता येता लोकांच्या गाड्यांवर किल्लीनं रेघा ओढणाऱ्यांना बाबांनी जन्मभर शिव्या दिल्या होत्या. तीच किल्ली हातात धरून ते माझ्यासमोर बसले आणि हात काही पुढे येईना. कपाळावर घाम आला. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"ओढा की," आई म्हणाली. "नाहीतर मी ओढते. मला खूप जणांचा राग आलेला आहे."

बाबांनी तोंड फिरवलं आणि किल्ली ओढली. कर्रकन आवाज झाला. मला दुखलं नाही, पण त्यांना दुखलं असावं. मग त्यांनी वळून पाहिलं. थरथरत्या हातानं रेघ किंचित तुटत, वेडीवाकडी गेली होती. कानाशी खोल, नाकाशी बारीक. ठकूनं पडद्यावरचं चित्र शेजारी धरलं, तर रेघ हुबेहूब जुळत होती. स्थिर हाताला तशी रेघ जमलीच नसती. उरलेल्या बेचाळीसना मग फार वेळ लागला नाही. प्रत्येक रेघ ओढण्याआधी बाबा विचारायचे, "हा कधीचा? दार धरून ठेवलं तेव्हाचा ना?" आणि मान हलवून किल्ली टेकवायचे.

तपासणीला बाबा स्वतः आले. मंडळाचे तपासनीस धंद्यानं दातांचे डॉक्टर. कपाळावर दिवा बांधून त्यांनी माझ्या शिरस्त्राणात असं डोकावलं की मी मनातल्या मनात आ केला. एकेक ओरखडा चित्राशी ताडून ते गालापाशी थांबले.

"हा कोणी केला?"

"मी," बाबा म्हणाले, आणि त्यांना फाटक, गाडी, रिव्हर्स, सगळं समजावून सांगितलं. भोवती दहाबारा करडे पहारेकरी गोळा झाले.

"काका, आम्ही सात वर्षं यावर भांडतोय," डॉक्टर म्हणाले. "माझंही चिलखत बघाल का जरा?"

मग त्यांचं बोट आतल्या कडेवर गेलं. "हा टवका मात्र पडद्यावर नाही. भरायचा राहिला वाटतं."

ठकूचा चेहरा उतरला.

"राहिला नाही, ठेवलाय," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं. "घातल्यावर दिसणार नाही," असं पुटपुटत त्यांनी कागदावर सही केली.

याला तीन वर्षं झाली. आता माझे पट्टे सैल झालेत, एक हातमोजा उसवलाय. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी कोपऱ्यात उभा असतो. ठकू मला घालून मंडळाबरोबर फिरून येते, तेवढे दिवस सोडून. दर रविवारी शेडमध्ये नवी नवी गुळगुळीत चिलखतं येतात, ओरखडे करून घ्यायला. बाबा आधी विचारतात की हा कुठं पडला होता, कोणामुळे पडला. सांगता आलं नाही तर किल्ली उचलत नाहीत. "आधी बघून या," म्हणून परत पाठवतात. थरथर वाढली आहे. खिडकीतल्या खुर्चीत मात्र कोणी बसत नाही. आई तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते आणि कपड्यांचा ढीग उतरत नाही म्हणून कुरकुरते.

गेल्या रविवारी लांबीचा डबा उघडा होता. ठकूनं माझं शिरस्त्राण उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, आता तरी तो टवका भरून टाका ना. मला बघवत नाही."

"भरायचा असता तर तेव्हाच भरला असता," बाबा म्हणाले. "त्या दिवशी तू माझ्यावर चिडलीस म्हणून मी उठलो. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते गं. तशीच तूही बोलत राहिली असतीस तर मी अजून तिथंच बसलो असतो."

त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि पुढच्या चिलखताकडे वळले. ठकू बराच वेळ त्या टवक्यावरून अंगठा फिरवत उभी होती.

तर मंडळी, कधी शेडवर आलात तर माझ्या काचेत खुशाल डोकावा. शिरस्त्राण उचलून आतली कड बघितलीत तरी माझी ना नाही. तिथं बोट फिरवा, हवं तर दोनदा फिरवा. फक्त एवढी विनंती आहे की येताना खिशात फडकं आणू नका.