देवदत्तचा अपुरा गेम

देवदत्तच्या गेमला पहिलं बक्षीस द्यायचं की नाही, यावर आम्ही तिघं परीक्षक दीड तास भांडलो. देवदत्त जानेवारीत काविळीनं गेला, बत्तिसाव्या वर्षी. गेम त्याच्या वडिलांनी, चिंतामणकाकांनी, स्पर्धेला पाठवला होता. मी दोन वर्षं त्याच्यासोबत त्याच गेमवर काम केलं होतं, हे आयोजकांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, इंदूरमध्ये सगळेच सगळ्यांना ओळखतात."

गेम असा : कापड मिल बंद होतेय. आपण एक म्हातारा कामगार. एकेक माग बंद करत जायचं. शेवटच्या मागाला हात लावला की स्क्रीन काळी होते, गेम संपतो.

"काय एंडिंग आहे!" यतीन म्हणाला. "इथली मिलही अशीच बंद झाली होती ना, एकदम. यशोधराजी, याला नाही तर कोणाला देणार?"

"तो शेवट नाहीये, यतीन. पुढचा भाग त्यानं बनवलाच नाही."

"पण असर तर होतोय ना?"

"होतोय. पण तो गेलाय हे आपल्याला माहीत आहे म्हणून. जिवंत असता तर त्याला म्हणालो असतो, जा, पूर्ण करून आण."

तिसऱ्या परीक्षक वसुंधराताई तोवर यतीनच्या बाजूला होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "बरोबर आहे तुझं," म्हणाल्या.

बक्षीस दुसऱ्या गेमला गेलं.

दुसऱ्या दिवशी मी स्नेहलतागंजला काकांकडे गेले. नाही तर राहवलं नसतं.

"बक्षिसाचं काही नाही गं," काका म्हणाले. "पण कमी काय पडलं, ते तर सांग."

गेम अपुराच राहिला होता, मी सांगितलं. पुढचा भाग देवदत्तनं मला कागदावर काढून दाखवला होता. म्हातारा घरी येतो, पण मिल बंद झाल्याचं कोणालाच सांगत नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघतो आणि दिवसभर बागेत बसून राहतो.

काकांचा चेहराच उतरला. "हे आमच्या बाबांचं आहे. सहा महिने असेच जात होते. मीच सांगितलं होतं दत्तूला." मग म्हणाले, "आणि मी पूरे मोहल्ल्यात सांगत फिरलो, पोरगा काम पूर्ण करून गेला."

काका माझ्याकडे वळले.

"तू बनवशील तेवढा भाग?"

"नाही जमणार काका. त्याच्यासारखं नाही होणार."

"हे मला सांगायला नको होतंस, बेटा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "बस, चहा टाकतो."

आतून बराच वेळ भांड्याचासुद्धा आवाज आला नाही. शेवटी मीच उठून स्वयंपाकघरात गेले. काका ओटा धरून, पाठमोरे उभे होते. मी गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.