डाव्या पायाची शिवण

मास्तरांनी शिवलेली पँट उभ्या बाजारात ओळखू येते, असं मास्तर स्वतःच सगळ्यांना सांगायचे. त्यांचा डावा पाय सुजायला लागला तेव्हा पँटीला दोष देणं त्यांच्या जिवावर आलं, आणि पायाला दोष द्यायची हिंमत होईना. मग त्यांनी गुपचूप डाव्या पायाची शिवण उसवली, आत दुमडून राखलेली जादा कापडाची माया थोडी सोडली आणि पुन्हा बेमालूम टीप मारली. सूज वाढली की माया सोडायची, असं वर्षभर चाललं. संध्याकाळी पाय शिशासारखा जड व्हायचा, पण पँट कशी चापून बसायची!

इस्त्री करताना बायकोने पँटीचे दोन्ही पाय एकमेकांवर ठेवले आणि चोरी पकडली गेली. उजव्या पायाचं कापड आटलं, अशी थाप मास्तरांनी मारून पाहिली. तिने पाय बघितला आणि त्यांना सरळ रिक्षात घातलं. डॉक्टर शिलाई मशीन सोडायला सांगतील, या एकाच गोष्टीची त्यांना धास्ती होती. घरी बसून बायकोच्या डब्यांची झाकणं मोजण्यात त्यांचा जीव रमणार नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी नडगीवर अंगठा दाबला, तर खळगा तसाच राहिला. सोनोग्राफीत रक्ताची गुठळी निघाली नाही. शिरांमधल्या झडपा कमजोर होऊन रक्त खाली साठत होतं. हे पुरतं बरं होणार नाही, पण आटोक्यात राहील, असं त्या म्हणाल्या. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घट्ट मोजा चढवायचा, अधूनमधून चालायचं, बसल्यावर पाय उंच ठेवायचा.

"आणि मशीन?" मास्तर पुढे सरकून म्हणाले.

मशीनला मोटर आहे का, असं बाईंनी विचारलं. होती.

"ती काढा. पायाने चालवा. पोटरी हलली की रक्त वर चढतं."

मास्तर बाहेर आले ते लग्न ठरल्यासारखे.

आता ते गिऱ्हाइकांसमोर खुशाल पाय स्टुलावर ठेवून काजं करतात. परवा ओळखीचा बस ड्रायव्हर पँट घेऊन आला. हल्ली एकच पाय घट्ट होतो, तेवढा सैल करून द्या, म्हणाला. मास्तरांनी सुई खाली ठेवली.

"हे काम मी करणार नाही," ते म्हणाले, आणि पँट घडी करून त्याच्या हातात दिली.

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक परत पाठवलं, तेही दुकान बंद करून, डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत स्वतः सोबत चालत जाऊन.