आठशेचं दुखणं

मी आवळलेला नट चार दिवसांत आपोआप सुटतो असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला उभ्या-उभ्या हाकललं असतं. सगळी नोकरी कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस मी. आमच्या लाल आठशेला मी आजवर मेकॅनिकचा हात लागू दिलेला नाही. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, ब्रेकचं काम, सगळं आनंद नगरच्या घरी, फाटकाच्या आत. गाडी जुनी आहे हे खरं, पण जुना तर मीही आहे.

मदतनीस एकच, माझी बायको सुहासिनी. ती टॉर्च धरते, पाना देते. मी नट आवळला की विचारतो, “घट्ट?” ती स्वतः पाना लावून बघते आणि म्हणते, “घट्ट.” एकाने केलेलं काम दुसऱ्याने हात लावून तपासायचं, ही कारखान्याची शिस्त. घरी दुसरं होतं कोण? लग्न झाल्यापासून बिचारी माझ्या नटांना साक्षीदार आहे.

या वेळी गाडी ठणठणीत हवी होती. आमची नात जुई अठरा वर्षांची झाली, तिचं लर्निंग लायसन्स आलं. माझी मुलगी केतकी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मिसरोदला राहते, तिचीच ही. फोनवर म्हणाली, “आजोबा, ड्रायव्हिंग स्कूल वगैरे कुछ नहीं. मी तुमच्याच गाडीवर शिकणार.” मी शब्द दिला, रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. तो शब्द देताना मला किती बरं वाटलं, ते सांगत नाही. रिटायर झाल्यापासून मला कुणी काही शिकव म्हणालं नव्हतं.

रविवारी किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म. सेल्फ गेला असणार म्हणून मी खाली पडून सेल्फ उतरवला, खोलला, साफ केला, परत बसवला. तरी ढिम्म. दुपार टळल्यावर कळलं की बॅटरीची वायरच सैल होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण ती वायर मीच बुधवारी घासून आवळली होती.

“तू घट्ट म्हणाली होतीस ना?” मी सुहासिनीला विचारलं.

“म्हणाले होते,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

पुढच्या रविवारी इंजिन फिरायचं, पण पकडायचं नाही. पेट्रोल येतच नव्हतं. बघतो तर पंपाचा फ्यूज गायब. जळाला असता तर समजलं असतं, पण जागेवर नव्हताच. शोध शोध शोधला. शेवटी सापडला माझ्याच हत्यारांच्या पेटीत, वॉशरच्या डबीत. ती डबी माझ्याशिवाय कोण उघडणार? म्हणजे मीच काढला, मीच ठेवला आणि मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. केतकीचा फोन आला, “बाबा, टॅक्सी करून या ना, क्या फर्क पड़ता है?” मी उगाच तिच्यावर खेकसलो.

साठी बुद्धी नाठी म्हणतात, मी तर सत्तरी ओलांडली होती. नागपूरला माझ्या थोरल्या भावाचं, उदयदादांचं, असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा फ्रीजमध्ये, मग स्वतःच्याच घराची गल्ली सापडेना. शेवटी त्यांनी मला ‘तुम्ही कुणाकडे आलात?’ असं विचारलं होतं. आता दिवसभर मी स्वतःलाच तपासू लागलो. गॅस बंद केला का? नळ? कारखान्यातल्या जुन्या फिटरांची नावं मनात म्हणून बघायचो. सगळी आठवायची, तरी विश्वास बसेना. मी घाबरलो होतो, आणि हे बायकोला सांगायचीही लाज वाटत होती.

तिसऱ्या शनिवारी मी गाडीचा एकेक भाग तपासला. सुहासिनीने प्रत्येक ठिकाणी हात लावून घट्ट म्हटलं. रविवारी गाडी सुरू झाली, पण अंगात आल्यासारखी थरथरायला लागली. बॉनेट उघडलं. एका प्लगची टोपी निघून लोंबकळत होती.

मी गाडी बंद केली, किल्ली काढली आणि सुहासिनीच्या हातात ठेवली. “केतकीला सांग, गाडी विकून टाकू. माझं डोकं ठिकाणावर नाही. दादांसारखंच होतंय मला. उद्या डॉक्टरकडे घेऊन चल.”

तिने किल्ली घेतली. मग एकदम रडायलाच लागली.

“तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही हो. टोपी मी काढली. वायर मीच सैल केली. फ्यूजही मीच.”

आधी मला हसू आलं, इतकं हायसं वाटलं. मग असा संताप आला की पाना फरशीवर आपटला. “तीन आठवडे मला वेडा ठरवलंस? मी रात्र रात्र जागा होतो!”

“इतकं मनाला लावून घ्याल असं वाटलं नव्हतं. गाडी कंटाळून सोडाल, एवढंच वाटलं.”

“पण का?”

“दिवाळीच्या खरेदीहून येत होतो, वळणावर मी किंचाळले होते, आठवतंय?”

“आठवतंय की. कुत्रं आडवं आलं म्हणालीस.”

“कुत्रं नव्हतं. डावीकडून एक बाई येत होती, लेकराचा हात धरून. तिने लेकराला मागे ओढलं म्हणून वाचलं. तुम्ही ब्रेकवर पायसुद्धा ठेवला नाहीत. काय झालं, असं मलाच विचारलंत.” तिने पदराने नाक पुसलं. “नंतर दोनदा म्हटलं, डोळे दाखवून या. तर म्हणालात, चष्मा नवाच आहे. आणि आता जुईला गाडीत बसवून शिकवणार होतात.”

“खोटं आहे हे,” मी म्हणालो. ते वळण मला स्वच्छ आठवत होतं. दुकानांचे दिवे, पुढची रिक्षा, डावीकडचा मोकळा रस्ता. तिथे कुणी नव्हतं, हे मी शपथेवर सांगितलं असतं.

ती वाद घालत बसली नाही. त्याचीच मला भीती वाटली.

मी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि समोरच्या फाटकाकडे बघत राहिलो. फाटकाची उजवी झडप दिसत होती, तिची कडीही दिसत होती. डाव्या झडपेच्या जागी अंधार नव्हता, धूसरही नव्हतं, काहीच नव्हतं.

“सुहासिनी,” मी म्हणालो, “कुठे गेलीस?”

“अहो, मी हललेच नाही,” ती माझ्या डाव्या बाजूने म्हणाली.