मेघालीच्या कमरेची चंची

मित्रांनो, मी एक जुनी चंची आहे. चंची म्हणजे काय, हे तुमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नसेल आणि त्याचं मला आता वाईटही वाटत नाही. कापडाची, तीन कप्प्यांची, गुंडाळून नाडीने बांधायची पिशवी म्हणजे चंची. पूर्वी माणसं तिच्यात पान, सुपारी, तंबाखू ठेवत. आज मी ठाण्याच्या कोपरीतल्या एका घरात खिळ्याला लटकते आहे. गमतीची गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

चंद्रभागाबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याच्या काठातून मला शिवलं, नवऱ्यासाठी. त्यांचे यजमान गुणाजी खाडीत मासेमारी करायचे. त्यांच्या कमरेला मी भिजायची, उन्हात वाळायची आणि तंबाखूचा वास माझ्या सुतासुतात मुरायचा. एकदा चिखलात उतरले असताना त्यांच्या पायाला कालवाचं शिंपलं लागलं. जखम एवढीशी. पण त्यांना मधुमेह होता आणि तो कुणालाच माहीत नव्हता. जखम चिघळत गेली. आधी बोटं गेली, मग घोट्यापासून पाय गेला. तेव्हापासून त्या घरात गोड म्हणजे विष ठरलं. नारळी पौर्णिमेचा नारळीभातसुद्धा बंद झाला. गुणाजींची तंबाखू सुटली आणि माझी रवानगी फळीवर झाली.

मला खाली काढलं त्यांच्या नातीने, मेघालीने. कॉलेजात असताना तिलाही मधुमेह निघाला, पण तो वेगळा. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं. आणि या पोरीला वेड कशाचं, तर लांब पल्ल्याच्या धावण्याचं! डॉक्टरांनी तिला अडवलं नाही, नीट शिकवलं. अंगात इन्सुलिन असताना धावलं की रक्तातली साखर झपाट्याने खाली येते. म्हणून निघण्याआधी खायचं, त्या दिवशीचा डोस विचारून कमी करायचा आणि वाटेत थोडं थोडं गोड खात राहायचं. हात थरथरले तर थांबून लगेच ग्लुकोजच्या गोळ्या चघळायच्या.

मेघालीने मला धुण्याच्या सोड्यात भिजवून माझा वास घालवला आणि मला कमरेचा पट्टा शिवला. एका कप्प्यात बिया काढलेला खजूर, दुसऱ्यात गोळ्या, तिसऱ्यात साखर तपासायचं यंत्र. पहाटे आम्ही बाळकुमपर्यंत जाऊन परत यायचो. बरोबरीच्या मुली विचारायच्या, "भारी आहे गं! ऑनलाइन घेतलीस?"

"नाय गं, आजोबांची तंबाखूची आहे," असं ती ऐटीत सांगायची. खरं सांगते, म्हातारपणी माझं नशीब फळफळलं असंच मला वाटलं होतं.

गुणाजी कुबडी टेकून हे सगळं बघत असत. एकदा म्हणाले, "बाय, या गोडानंच माजा पाय खाल्ला."

"आजोबा, माझं वेगळं आहे. धावताना मला गोड लागतंच. नायतर मी पडेन ना!"

त्यांनी मान डोलावली. मेघालीला वाटलं, पटलं. त्यांना काहीच पटलं नव्हतं.

ठाण्यातल्या मोठ्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मेघालीने मला भरून ठेवलं आणि ती आपला छातीवर लावायचा नंबर आणायला गेली. गुणाजी माझ्याजवळ आले. त्यांनी खजूर काढला, गोळ्या काढल्या आणि दोन्ही कप्पे भाजलेल्या शेंगदाण्यांनी भरले. ताकदीला शेंगदाणे चांगले, एवढंच त्यांना ठाऊक. नाडी बांधताना ते पुटपुटले, "माज्या पोरीचं पाय राहूं दे." मला त्या म्हाताऱ्याचा राग करता येत नाही, मित्रांनो. पण मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

सकाळच्या घाईत मेघालीने मला वरून चाचपलं. मी भरलेली लागले. ती पोटभर खाऊन निघाली, साखर तपासून निघाली, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. धाव रंगात आली तेव्हा तिने खजुरासाठी हात घातला आणि मूठभर शेंगदाणे बाहेर आले. दुसरा कप्पा उघडला, तिथेही तेच. ती रस्त्याच्या कडेला थांबली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, काय केलंत हे?"

शेंगदाण्याने साखर लवकर चढत नाही. तरी तिने ते चावले आणि पुढच्या पाण्याच्या टेबलाकडे निघाली. पोचेपर्यंत तिचे हात लटलटत होते आणि जीभ जड झाली होती. टेबलावर सरबताचे पेले मांडलेले होते. एका मुलाने पेला पुढे केलाही. तेवढ्यात शेजारच्या माणसाने तिच्या मनगटावरची, मधुमेह असल्याचं लिहिलेली पट्टी वाचली.

"अरे साकेत, सरबत नको देऊ! डायबिटीस आहे हिला. पाणी दे, पाणी!"

चांगला होता हो तो माणूस. मेघालीने सरबताकडे बोट दाखवलं, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. चार पावलं गेली आणि ती दुभाजकावर कोसळली. कपाळाच्या रक्ताने मी भिजले. रुग्णवाहिकेतल्या लोकांनी शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा तिने डोळे उघडले.

रुग्णालयात डॉक्टरांनी तिच्या आईला, नंदाताईंना सांगितलं, "तो खजूर तिच्यासाठी औषध होता." गुणाजी बाकावर बसून ऐकत होते.

मेघाली वाचली. आजोबांना ती एका शब्दाने बोलली नाही. मात्र तिने आपल्या कपाटाला कुलूप लावलं आणि धावणं सोडलं. दर रविवारी गुणाजी माझ्यात खजूर भरतात आणि हाक मारतात, "बाय, तूच बघ गो, बरोबर भरलंय का."

"राहू दे, आजोबा."

संध्याकाळी ते सगळं परत काढून ठेवतात.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्याच्या खाऊला त्याला न विचारता हात लावू नका. तो थरथरायला लागला आणि शुद्धीवर असला, तर त्याला गोड द्या, नुसतं पाणी देऊन परतवू नका. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही न घालता मदत बोलवा. आणि सगळ्यात आधी विचारा, "तुला काय लागतं?" आमच्या घरात हे कुणी विचारलं नाही. आता सगळे विचारतात, आणि मेघाली उत्तर देत नाही.